फीबी: शनीचा हा लांबचा चंद्र ८ इंची दुर्बिणीतून टिपता येईल का?

निशाचर
शनीच्या चंद्रांचा विषय निघाला की गाडी टायटनवरून सुटते, एन्सेलाडसच्या कारंज्यांपाशी थांबते आणि तिथंच मुक्काम ठोकते. फीबीच्या वाटेला कुणी जात नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सरासरी व्यास २१३ किमी, शनीपासूनचं सरासरी अंतर सुमारे १ कोटी २९ लाख किमी, एका फेरीला ५५० दिवस, आणि तीही उलट्या दिशेने. स्वतःभोवती मात्र ९.२७ तासांत गिरकी. रंग कोळशाच्या जवळचा. विल्यम पिकरिंगने १८९९ मध्ये शोध लावला, तोही पेरूतल्या आरेकिपा इथं १८९८ च्या ऑगस्टमध्ये घेतलेल्या काचपट्ट्या तपासून. फोटोवरून सापडलेला हा पहिला उपग्रह.

साहित्य असं: २०० मिमी एफ/५ न्यूटनीय दुर्बीण, कोमा करेक्टर (कडेचे ताऱ्यांचे ठिपके नीट ठेवणारं भिंग), आयएमएक्स ५३३ सेन्सरचा मोनो कॅमेरा, गायडिंगसह विषुववृत्तीय माउंट. फीबीची प्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितकं फिकट) साधारण १६.५. माझ्या मते दोन-तीन तासांचं एकूण एक्स्पोजर लागेल.

प्रश्न तीन. शनीचा झगमगाट आड येईल का? एक्स्पोजर किती? आणि जो ठिपका सापडेल तो फीबीच, हे कशावरून?

खग्रास
डोळा लावून बघायचा विचार असेल तर २० इंचांखाली नाद सोडा. कॅमेऱ्याचं जाणकार सांगतील. मी कडेला बसलो आहे.

विकला
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. प्रतियुतीला (शनी आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो तेव्हा) तो आपल्यापासून साडेआठ खगोलीय एककांवर असतो (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). त्या अंतरावरून १ कोटी २९ लाख किमी म्हणजे आकाशात जवळपास ३५ कला (६० कला म्हणजे १ अंश). पौर्णिमेचा चंद्र ३१ कलांचा. म्हणजे फीबी कमाल अंतरावर असते तेव्हा तिच्यात आणि शनीत अख्खा चंद्र मावेल आणि वर फट उरेल. कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार असल्यामुळे (उत्केंद्रता ०.१६) हे अंतर कधीकधी आणखी वाढतं. तुमच्या सेन्सरची बाजू ११.३ मिमी आणि नाभीय अंतर १००० मिमी, म्हणजे चित्र ३९ कलांचं. फीबी मध्यभागी ठेवली की शनी चौकटीच्या बाहेरच राहतो.

पण वेळ निवडून घ्या. कक्षा आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते, त्यामुळे ५५० दिवसांत दोनदा ती शनीच्या अगदी जवळून गेल्यासारखी दिसते. प्रत्येक वेळी साधारण ५० दिवस ती शनीपासून १० कलांच्या आत असते. त्या काळात हात घालू नका.

आणखी एक, इथं हमखास फसायला होतं. टायटन, ऱ्हिआ वगैरे मंडळी कड्यांच्या रेषेत दिसतात, म्हणून फीबीही कड्यांची रेषा लांबवून शोधली जाते. चूक! इतक्या लांबवर शनीच्या फुगीर पोटापेक्षा सूर्याची ओढ वरचढ ठरते. फीबीची कक्षा शनीच्या विषुववृत्ताला धरून नाही, क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेला) धरून आहे, अवघ्या ५ अंशांच्या कलाने. तेव्हा शोधायची ती क्रांतिवृत्ताच्या दिशेला, पूर्वेला नाहीतर पश्चिमेला.

शंकासुर
चौकटीबाहेर गेला म्हणून शनी गप्प बसतो होय? शनीची प्रत ०.५ धरा. फरक १६ प्रतींचा, म्हणजे २५ लाख पट. असला दिवा चौकटीच्या काठाशी टेकून उभा असेल तर उजेड कुठून कुठं परावर्तित होईल, देव जाणे.

काचकाम
शंकासुरांची शंका रास्त आहे, पण तीन गोष्टी सांभाळल्या की भागतं.

१) न्यूटनीय दुर्बिणीत दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पात्यांमुळे शनीला चार शेपट्या फुटतात आणि त्या चौकटीबाहेरूनही आत घुसतात. कॅमेरा फिरवून उपयोग नाही, शेपट्यांची दिशा पाती ठरवतात. माउंटच्या कड्यांत नळी सैल करून २०-३० अंश फिरवा, म्हणजे शेपटी क्रांतिवृत्ताच्या रेषेवरून हटेल. नंतर तोल आणि आरशांची जुळणी पुन्हा तपासा.

२) भुतं. फिल्टर, सेन्सरची काच आणि करेक्टर यांच्यात उजेड उलटसुलट आपटून फिकट गोल डाग उमटतात. ओळखायला सोपे: चौकट २ कला सरकवून पुन्हा चित्र घ्या. तारे जितके आणि जिकडे सरकतील तसाच सरकला तर तो आकाशातला. भूत वेगळ्या दिशेला किंवा वेगळ्या अंतराने सरकतं. फिल्टर नसेल तर एक भूत कमी, म्हणून या कामाला बिनफिल्टरचं बरं.

३) फोकसरच्या नळीची आतली चमक. शनी चौकटीच्या जरासा बाहेर असतो तेव्हा त्याचा उजेड नेमका तिच्यावर पडतो. आतून मॅट काळा कागद लावायचा. शनी आणखी थोडा दूर ढकलून फीबी चौकटीच्या कोपऱ्यात घेतली तरी चालते.

आकडेमोड्या
निशाचर, दोन-तीन तास? मुंगी मारायला तोफ कशाला! हिशोब करू.

२०० मिमी आरसा, दुय्यम आरशाची सावली आणि सेन्सरची कार्यक्षमता धरून १६.५ प्रतीच्या ठिपक्याचे सेकंदाला शंभर-सव्वाशे इलेक्ट्रॉन मिळतात. ६० सेकंदांत ७,००० धरा. चौरस विकलेला (६० विकला म्हणजे १ कला) २१ प्रतीचं काळं आकाश त्याच वर्तुळात (साडेतीन विकला त्रिज्या) सुमारे ४,३०० देतं. गोंगाट म्हणजे दोन्हींच्या बेरजेचं वर्गमूळ, १०६. संकेत-गोंगाट गुणोत्तर ६५ च्या घरात. एका चित्रात!

१८ प्रतीच्या उजळलेल्या आकाशातही ते २५ च्या आसपास राहतं. म्हणजे ८ इंच ही चैन आहे. ८० मिमीच्या भिंगाच्या दुर्बिणीनेही काळ्या आकाशात काही मिनिटांत काम व्हायला हवं. प्रश्न दिसण्याचा नाहीच. त्या चौकटीत त्याच प्रतीचे शेकडो ठिपके असतात, त्यातला कुठला आपला, हा खरा प्रश्न.

खग्रास
म्हणजे गर्दीत हरवलेलं पोर शोधायचं, आणि सगळ्यांचे सदरे पांढरे.

आकडेमोड्या
अगदी. म्हणून आधी पत्ता पक्का करा. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची ग्रह-उपग्रहांची स्थानं देणारी होरायझन्स ही सेवा आहे, तिच्यात फीबीचा क्रमांक ६०९. आपली वेधस्थळाची जागा द्या आणि तक्त्यात १ (विषुवांश-क्रांती, म्हणजे आकाशातला पत्ता), ३ (त्यांच्या बदलाचा वेग) आणि ९ (प्रत) या राशी मागवा. अंतर दर १० मिनिटांचं पुरे.

इथं होणाऱ्या चुका, मोठीपासून लहानीकडे:

१ च्या जागी २ क्रमांकाची राशी घेणं. ते त्या दिवसाच्या विषुवबिंदूनुसारचं स्थान असतं. तुमच्या चित्राचं प्लेट सॉल्व्हिंग (ताऱ्यांवरून चित्राची जागा ठरवणं) होतं २००० सालच्या चौकटीत. परांचनाने (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्याने) तेव्हापासून २२ कलांचा फरक पडला आहे आणि तुमची अर्धी चौकट १९ कलांची. फीबी चित्रातच येणार नाही आणि तुम्ही रात्रभर कोऱ्या जागेचे फोटो काढाल.

स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ यांची गल्लत. साडेपाच तासांची चूक म्हणजे जवळपास १ कला. चित्रात येईल, पण भलत्याच ठिपक्यावर बोट ठेवाल.

वेधस्थळाऐवजी पृथ्वीचा केंद्रबिंदू घेणं. फरक जास्तीत जास्त १ विकला. शोधायला चालतं, मोजायला नाही.

तारामंडळाच्या ॲपमध्ये फीबी दाखवतात ती बहुधा जुन्या, स्थिर कक्षाघटकांवरून. सूर्य ही कक्षा सतत हलवत असतो, त्यामुळे असले घटक लवकर शिळे होतात. ॲपवर विसंबू नका.

मूगगिळे
अवांतर: तो फीबी की ती फीबी? वर दोन्ही दिसतंय.

विकला
उपग्रह म्हटलं की तो, नाव घेतलं की ती. ग्रीक पुराणातली टायटन आहे ती, बाई आहे. मी तिला ती म्हणणार.

शंकासुर
त्यापेक्षा मोठा भाषिक घोळ 'वक्री' या शब्दाचा आहे. प्रतियुतीच्या आसपास शनी वक्री असतो, म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडे सरकताना दिसतो. तो आपल्या पृथ्वीच्या चालीचा खेळ. फीबीची उलटी फेरी खरीखुरी आहे. दोन्हींना वक्रीच म्हणतात आणि मग लोक विचारतात, 'वक्री शनीचा वक्री चंद्र म्हणजे सरळ का?'

विकला
हाहा. आणि यातच निशाचरांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रतियुतीला शनीची ताऱ्यांमधून सरकण्याची चाल तासाला ११-१२ विकला. फीबीचा शनीभोवतीचा वेग सेकंदाला १.७ किमी, म्हणजे आपल्याला दिसणारा तासाला फार तर १ विकला. ती शनीबरोबर फरपटत जाते म्हणा ना. लघुग्रहांची चाल वेगळी: मुख्य पट्ट्यातले तासाला ३५ च्या आसपास, गुरूचे ट्रोजन (गुरूच्याच कक्षेतले लघुग्रह) २० च्या आसपास. शनी क्रांतिवृत्ताजवळच फिरतो, त्यामुळे त्याच्या शेजारी १६-१७ प्रतीचे लघुग्रह घुटमळतातच. पण तासाला ११-१२ विकला या चालीचं तिथं दुसरं कुणी सहसा नसतं. ठिपक्याचं ओळखपत्र म्हणजे त्याची चाल.

निशाचर
मग चित्रांची रचना (एकावर एक ठेवून बेरीज) कशी करू? ताऱ्यांवर रचली तर फीबीची रेघ होईल ना?

काचकाम
३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल, १००० मिमी, म्हणजे पिक्सेलला ०.७८ विकला. फीबी तासाला १५ पिक्सेल सरकते. तारा ३ विकला रुंद उमटत असेल तर १५ मिनिटांपर्यंतची चित्रं ताऱ्यांवर रचली तरी ठिपका ठिपकाच राहतो. पुढे तो अळी होतो.

म्हणून ६० सेकंदांच्या १५ चित्रांचा एक गठ्ठा. असे तीन गठ्ठे, मध्ये तासाभराची फट. तिन्ही सॉल्व्ह करा (ॲस्टॅप हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे), एकमेकांवर बसवा आणि आलटून पालटून पाहा. तारे खिळलेले, एक ठिपका दर खेपेला १५ ते २० पिक्सेल उडी मारणारा, दोन्ही उड्या एका रेषेत.

प्रत्येक ५ चित्रांमागे चौकट थोडी हलवा, नाहीतर सेन्सरचे तापलेले पिक्सेल रचनेत तसेच उरतात आणि माउंट हळूहळू घसरत असेल तर तेही ताऱ्यांमधून 'चालताना' दिसतात. नवखे हमखास यावर उड्या मारतात. डार्क फ्रेम (दुर्बीण झाकून घेतलेली चित्रं) त्याच तापमानाच्या, त्याच ६० सेकंदांच्या.

सगळी चित्रं एकत्र करायची हौस असेल तर सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये धूमकेतूसाठीची जुळवणी आहे, तिला पिक्सेलमधला तासाचा वेग लागतो. तो होरायझन्सच्या राशी ३ वरून काढा.

शंकासुर
एका रात्रीवर मात्र शोध जाहीर करू नका. खुद्द पिकरिंगची गोष्ट बघा. फीबी खरी निघाली, पण १९०५ मध्ये त्याच पद्धतीने त्याने शनीचा दहावा चंद्रही जाहीर केला, थेमिस नावाचा. फ्रेंच विज्ञान अकादमीने १९०६ मध्ये नवव्या आणि दहाव्या अशा दोन्ही चंद्रांच्या शोधासाठी त्याला लालांद पारितोषिक दिलं. दहावा पुन्हा कुणालाही दिसला नाही.

खग्रास
अर्धं पारितोषिक परत घेतलं का?

शंकासुर
नाही. चंद्र मात्र परत घेतला.

मूगगिळे
सरावासाठी याहून सोपं काही आहे का?

विकला
गुरूचा हिमालिया. १५ च्या थोडी अलीकडची प्रत, म्हणजे फीबीच्या चौपट-पाचपट तेजस्वी, आणि प्रतियुतीला गुरूपासून एक अंशापर्यंत लांब. १९०४ मध्ये लिक वेधशाळेत पेरिनने शोधला. चाल मात्र तासाला २० विकलांच्या जवळ, म्हणून गठ्ठा ८-९ मिनिटांचाच ठेवा. नावाचा हिमालयाशी काही संबंध नाही, ऱ्होड्स बेटावरच्या अप्सरेचं नाव आहे.

आणि शनीजवळच राहायचं असेल तर आयापेटस. त्याला कॅमेराही नको. शनीच्या पश्चिमेला असतो तेव्हा १० व्या प्रतीचा, पूर्वेला गेला की १२ च्या जवळ. खगोलज्ञ कॅसिनीला १६७१ मध्ये तो पश्चिमेलाच दिसला, पूर्वेला दिसायला १७०५ उजाडलं. शनीपासून साडेनऊ कलांपर्यंत जातो.

निशाचर
आयापेटसचं काळं तोंड फीबीमुळेच ना? २००९ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने फीबीच्या धुळीचं प्रचंड कडं शोधलं तेव्हा हा प्रश्न मिटला असं वाचलंय.

शंकासुर
मिटला? रंग जुळत नाहीत. फीबी करडी, आयापेटसचा काळा भाग तांबूस. आणि नुसती धूळ पडली असती तर काळ्या-पांढऱ्याची सीमा हळूहळू विरघळत गेली असती. तिथं तर काही ठिकाणी शाई सांडल्यासारखी धारदार कड आहे.

विकला
शंकासुर, धूळ ही ठिणगी आहे, अख्खी आग नाही.

उल्काघातांनी फीबीवरून उडालेले कण सूर्यप्रकाशाच्या परिणामाने हळूहळू शनीकडे घसरतात. ते उलट दिशेने फिरतात, आयापेटस सुलट. त्यामुळे ते त्याच्या पुढच्या तोंडावर समोरासमोर आदळतात. इतपत काळेपणा धुळीचा.

पुढचं काम उन्हाचं. आयापेटस स्वतःभोवती फिरायला ७९ दिवस घेतो, दुपार संपता संपत नाही. जरा काळी झालेली जमीन १२९ केल्विनपर्यंत तापते, पांढरी ११३ पर्यंतच. एवढ्या फरकाने काळ्या भागातलं बर्फ वाफ होऊन उडतं आणि थंड, पांढऱ्या भागात किंवा ध्रुवांकडे जाऊन बसतं. काळं आणखी काळं होतं, पांढरं आणखी पांढरं. मधली स्थिती टिकतच नाही, म्हणून कड धारदार. बर्फ गेल्यावर मागे उरलेला गाळ आयापेटसचा स्वतःचाही आहे, म्हणून रंग हुबेहूब फीबीचा असायची गरज नाही. थर पातळ आहे, लहान विवरांनी तो फोडून खालचं शुभ्र बर्फ उघडं केलेलं कॅसिनी यानाच्या चित्रांत दिसतं.

ते कडं टिपायचा मोह कुणाला होत असेल तर आधीच सांगते: आपल्या आकाशात ते दोन पूर्णचंद्रांइतकं रुंद आहे, पण इतकं विरळ की स्पिट्झरला ते धुळीच्या उष्णतेमुळे, अवरक्त किरणांतच सापडलं.

शंकासुर
हे पटलं. तरी 'प्रश्न मिटला'चं श्रेय एकट्या कड्याला देऊ नये एवढंच म्हणणं.

मूगगिळे
पण फीबी उलटी फिरते म्हणजे ती शनीची नव्हेच? पकडलेली?

आकडेमोड्या
तसंच मानतात. शनीभोवतीच्या तबकडीतून जन्मली असती तर सुलटी आणि विषुववृत्ताला धरून असती. कॅसिनी यान ११ जून २००४ ला तिच्यापासून २,०६८ किमीवरून गेलं, तेव्हा तिच्यावर पाण्याचं बर्फ आणि कार्बन डायऑक्साइड सापडला, घनता निघाली घन सेंटिमीटरला १.६४ ग्रॅम. म्हणजे निव्वळ बर्फाचा गोळा नाही, खडकही भरपूर. नेपच्यूनपलीकडून आली असावी असा कल त्यावरून आहे.

पकडायची अडचण अशी की येणारा गोळा ज्या वेगाने येतो त्याच वेगाने निघून जातो. मध्ये कुठंतरी ऊर्जा घटायला हवी: ग्रहाभोवतीच्या वायूचं घर्षण, नाहीतर दोन मोठे ग्रह एकमेकांजवळून जाताना तिसऱ्याशी झालेली देवाणघेवाण. एकदा पकडला की उलटी फेरी लांबवर जास्त टिकाऊ. शनीची हद्द सुमारे साडेसहा कोटी किमीपर्यंत आहे, फीबी त्याच्या पाचव्या हिश्श्यावर. आणि एकटीच नाही ती. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून शनीचे चंद्र २७४ झाले. नवे सगळे असेच दूरचे, काही किलोमीटरचे. त्या साऱ्या दूरच्या गोतावळ्यात फीबीच सगळ्यात थोरली.

निशाचर
मूळ मुद्द्यावर येतो. ४ ऑक्टोबर २०२६ ला प्रतियुती, १० ऑक्टोबरला अमावास्या. बेत असा: ५ ते १७ ऑक्टोबरमधल्या दोन रात्री, बिनफिल्टर, ६० सेकंदांची १५ चित्रं गुणिले तीन, नळी फिरवून घेतलेली, होरायझन्सची राशी १. शिवाय एक अख्खी रात्र तेजस्वितेचा आलेख काढायला. काही राहिलं?

विकला
आधी फीबी त्या आठवड्यात शनीच्या किती जवळ आहे ते बघा, मगच तारखा पक्क्या करा. बाकी जागा चांगली आहे, मीन राशीच्या आसपास तारे विरळ. २०३२ च्या सुमारास शनी वृषभ-मिथुनात आकाशगंगेच्या गर्दीत शिरेल तेव्हा खरी परीक्षा.

आकडेमोड्या
आलेखासाठी: चढउतार साधारण ०.२ प्रतीचा. गुणोत्तर ५० असेल तर प्रत्येक बिंदूची चूक ०.०२, म्हणजे पुरेसं. पण शनीच्या उजेडाचा उतार फीबीखाली असमान असतो, तो आधी काढून टाका, नाहीतर फीबीऐवजी शनीचाच आलेख निघेल. आणि ती रोज साडेचार कला सरकते, तेव्हा तुलनेचे तारे दोन्ही रात्री तेच राहतील असे निवडा.

काचकाम
एक राहिलं, आणि ते फार जणांचं राहतं. चित्राच्या फाइलमध्ये नोंदलेली वेळ बहुधा एक्स्पोजर सुरू झाल्याची असते. स्थान मोजताना मधली वेळ लागते. ६० सेकंदांच्या एका चित्रात चूक फक्त ०.१ विकला, ती कळतही नाही. पण १५ मिनिटांचा गठ्ठा रचून त्याला पहिल्या चित्राची वेळ लागली तर साडेसात मिनिटं मागे, म्हणजे जवळपास दीड विकला. मोजलेलं स्थान होरायझन्सच्या दीड विकला पश्चिमेला येईल आणि तिन्ही गठ्ठ्यांत तितकंच येईल. असं दिसलं तर फीबीला दोष देऊ नका, फाइल उघडा.

निशाचर
रचनेचं सॉफ्टवेअर वेळेची सरासरी स्वतः लिहीत नाही का?

काचकाम
काही लिहितात, काही पहिल्या चित्राची तशीच उचलतात. ५ चित्रांचा छोटा गठ्ठा करून नोंद वाचा, लगेच कळेल. संगणकाचं घड्याळही त्याच रात्री इंटरनेटवरून जुळवून घ्या.